तारीख असलेलं वाचा

पुण्यात नोकरी करणाऱ्या, मूळच्या लातूरकडच्या एका वाचकाने विचारलं आहे: "मॅडम, येळवशीला (वेळ अमावास्येला) गावी येतोय, एक तारखेपर्यंत आहे. डिसेंबर आला की वर्षातल्या उत्तम पुस्तकांच्या याद्या फिरायला लागतात. दरवर्षी त्यातली चार-पाच मागवतो आणि दोन-तीन अर्धवट राहतात. तुम्ही इतकी वर्षं ग्रंथालयात आहात. वर्ष संपताना वाचण्यासारखं, विचार करण्यासारखं काय आहे ते सांगा. आपल्या भागातलं असेल तर फार बरं. शिवाय घरी आजोबांच्या पेटीत उर्दूतले काही कागद आहेत, ते आमच्यात कुणालाच वाचता येत नाहीत."

बीड आणि लातूरच्या शिवेवरच्या एका गावात मी एकतीस वर्षं सार्वजनिक ग्रंथालय सांभाळते. पुस्तकांची यादी मी देणार नाही, ती तुमच्याकडे आहेच. माझं सांगणं एवढंच आहे की या दहा दिवसांत तारीख असलेलं काहीतरी वाचा. कथा-कादंबरी वर्षभरात कधीही वाचता येते. पण कुणीतरी हाताने 'आज अमुक तिथी, अमुक गाव' असं लिहून ठेवलेला मजकूर वर्षाच्या शेवटी वेगळाच लागतो, कारण तेव्हा आपणही दिवस मोजत असतो.

आधी विचाराचं घेते. संपतंय ते नक्की कुणाचं वर्ष, हे एकदा घरात बसून बघा. आमच्या ग्रंथालयाचं वर्ष ३१ मार्चला संपतं, अनुदान आणि दप्तर त्या तारखेला बांधलेलं. सालगड्याचं साल गुढीपाडव्याला फिरतं. आडत दुकानाची वही दिवाळीत बदलते. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबाचं वर्ष मुकादमाकडून उचल घेतली की सुरू होतं आणि कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप थांबलं, की संपतं. डिसेंबरात बालविभागाचं रजिस्टर उघडलं तर पाच-सात नावांपुढे पुस्तक 'बाकी' दिसतं. ती पुस्तकं आईबापाच्या कोयत्याबरोबर सातारा-कोल्हापूरकडे गेलेली असतात. एप्रिल-मेमध्ये परत येतात, पानं जरा चिकट झालेली, कोपरे दुमडलेले. त्या पुस्तकांचा दंड मी आजवर घेतलेला नाही. त्या मुलांना ३१ डिसेंबर म्हणजे फडातला आणखी एक थंड दिवस.

आपल्या भागात याहून जुना एक हिशेब आहे आणि तुमच्या आजोबांच्या कागदांशी त्याचा थेट संबंध आहे. निजामाच्या राज्यात सरकारी दप्तर फसली सनावर चालायचं. हे वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीला बदलायचं, महिन्यांची नावं फारसी: आजूर, दै, बहमन अशी. कागदावर १३४६ फसली दिसलं तर त्यात ५९० मिळवा, १९३६ येतं. म्हणजे ते वर्ष १९३६च्या ऑक्टोबरपासून पुढच्या ऑक्टोबरपर्यंतचं. १७ सप्टेंबर १९४८ला निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा दप्तरात १३५७ फसली चालू होतं आणि ते संपायला तीनेक आठवडे उरले होते. आपल्या आजोबा-पणजोबांच्या हयातीतली सर्वांत मोठी वर्षअखेर ही होती. डिसेंबरशी तिचा काही संबंध नाही.

पेटीतले कागद बहुधा सेतवाराची, म्हणजे जमिनीच्या जुन्या सरकारी नोंदीची, नक्कल, नाहीतर एखादी पावती किंवा वाटणीपत्र असेल. सेतवारात सर्व्हे नंबर, क्षेत्र, आकार म्हणजे शेतसारा, आणि धारकाचं नाव असतं. अक्षर कळलं नाही तरी तुम्ही दोन गोष्टी करू शकता. एक, कागद उलगडताना घडीवर बोट दाबू नका. तो घडीवरच फाटतो. दोन, तो लॅमिनेट करू नका. माझ्याकडे आलेल्या निम्म्या जुन्या कागदांचं नुकसान वाळवीने केलं आणि बाकी निम्म्यांचं लॅमिनेशनने. प्लास्टिक पिवळं पडतं, आतला कागद त्यालाच चिकटून बसतो आणि मग तो कुणालाच सोडवता येत नाही. साध्या सुती कापडात, सपाट ठेवून घेऊन या. २०२३मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि मराठवाड्यातल्या घराघरांतून अशा पेट्या उघडल्या गेल्या. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्या माणसांना एकदम मागणी आली. त्या निमित्ताने माझ्या टेबलावर इतके कागद आले की आपल्या लोकांनी किती जपून ठेवलंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळलं.

आता घरी असेलच असं एक पुस्तक. तुमच्याकडे देव्हाऱ्याजवळ किंवा फडताळात ज्ञानेश्वरी असेल. अख्खी वाचा म्हणत नाही, फक्त शेवटची एक-दोन पानं काढा. ज्ञानदेवांच्या ग्रंथाची तारीख तिथे आहे, शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आणि बहुतेक छापील प्रतींमध्ये त्याच्याखाली आणखी एक तारीख सापडेल, शके १५०६, तारण नाम संवत्सर. ती एकनाथ महाराजांची. मधल्या २९४ वर्षांत नकला करणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडले होते. कुणी ओवी घुसवली होती, कुणी शब्द बदलला होता. नाथांनी प्रती ताडून पाठ शुद्ध केला आणि काम पुरं झाल्यावर शेवटी महिना, पर्वणी आणि जागा तिन्ही लिहून ठेवलं: भाद्रपद, कपिलाषष्ठी, प्रतिष्ठान (म्हणजे पैठण), गोदेचा काठ. आपण सहज बोलण्यात 'कपिलाषष्ठीचा योग' म्हणतो. तो दुर्मिळ योग इथे खऱ्या तारखेच्या रूपात बसला आहे.

त्या ओळीतला एक शब्द मला फार प्रिय आहे, 'लेखनकामाठी'. कामाठी म्हणजे अंगमेहनत, खोदकाम-बांधकाम करणाऱ्याची. केवढ्या ग्रंथाच्या शुद्धीला नाथांनी हा शब्द वापरला आहे! जुन्या पोथ्या हाताळल्या की तो शब्द किती खरा आहे हे कळतं. पोथीच्या शेवटी नक्कल करणारा पुष्कळदा एक संस्कृत श्लोक घालायचा. त्याचा भाव असा की पाठ, कंबर आणि मान मोडून, मान खाली घालून मी हे लिहिलं आहे, तेव्हा ही पोथी यत्नाने सांभाळा. दुसरा एक श्लोक पोथीच्याच तोंडी असतो: मला तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा. ग्रंथपालाच्या परीक्षेत पुस्तकांची निगा या विषयावर मी चाळीस पानं पाठ केली होती. त्यातलं महत्त्वाचं बरंचसं त्या दोन श्लोकांत आहे.

नाथांच्या त्या तारण संवत्सराचं गणित एकदा करून बघा, मजा येईल. संवत्सरं साठ आहेत, ती संपली की पुन्हा पहिल्यापासून. नाथांचं तारण १५८४चं. सात फेऱ्या, म्हणजे ४२० वर्षं पुढे गेलात की २००४ येतं. त्या पाडव्याला पुन्हा तारण लागलं होतं. शके १९४७ला, २०२५च्या पाडव्याला, विश्वावसु लागलं. याआधीचं विश्वावसु शके १८८७ला, १९६५च्या पाडव्याला लागलं. त्या संवत्सरात पैठणला जायकवाडी धरणाची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, आणि ते संवत्सर संपायच्या आत, ११ जानेवारी १९६६ला, ताश्कंदला त्यांचं निधन झालं. धरणाचं उद्घाटन व्हायला १९७६ उजाडलं. मी आमच्याकडे येणाऱ्या मुलांना हा प्रश्न घालते: मागच्या विश्वावसुत आपल्या घरात काय चाललं होतं? कुणाचं लग्न, कोणती विहीर, कोण शाळेत? इसवी सन पुढेच पळत असतो, त्यात परत येणारं काही नाही. संवत्सर मात्र साठ वर्षांनी त्याच नावाने दारात येतं, आणि साठ वर्षांपूर्वीचं आठवणारं माणूस घरात एखादंच उरलेलं असतं.

आता मला खरं ज्याच्यावर बोलायचं आहे ते. सात-आठ वर्षांपूर्वी जवळच्या एका गावातून एक मुलगा आजोबांची पुस्तकं पोत्यात भरून घेऊन आला. हरिविजय, पांडवप्रताप, दोन-चार पंचांगं आणि तळाला सुतळीने बांधलेल्या खिशातल्या छोट्या डायऱ्या. तो म्हणाला, "ह्या टाकून द्या, ह्यात काय नाही." मी १९७२ची उघडली. शाईच्या पेनाने, रोज एक ओळ. ७ जूनपुढे लिहिलंय: "मृग. आभाळ नाही." दुसऱ्या दिवशी "पाऊस नाही." तिसऱ्या दिवशी तेच. आठवड्याने त्यांना एवढंही लिहायचा कंटाळा आला असावा, कारण पुढे "पा. नाही" होतं, मग "पा. ना." जुलैत मध्येच एकदा "आभाळ आलं. गेलं." पुन्हा "पा. ना." पोळ्याच्या दिवशी फक्त "एक जोडी." मी १९७१ची डायरी काढून पोळा शोधला. तिथे "दोन जोड्या" असं होतं. बैल कधी विकले, कितीला विकले, याचा कुठेच उल्लेख नाही. दिवाळीनंतर "खडीवर गेलो. तिघं." मग "सुकडी मिळाली," म्हणजे दुष्काळी कामावर वाटायचा तो पौष्टिक खाऊ. मग "मिलो आणला," म्हणजे बाहेरून आलेली लाल ज्वारी. १९७३च्या जूनमध्ये एका पानावर चारच शब्द आहेत: "पाऊस. पेरणी. बी उसनं."

त्याच वर्षी सुट्टीत मी ही डायरी आमच्या वाचक गटात मोठ्याने वाचून दाखवली, सलग दोन संध्याकाळी. पहिल्या दिवशी एक कॉलेजातला मुलगा म्हणाला, "मॅडम, हे 'पा. ना.' गाळून पुढं चला ना." मी गाळलं नाही. प्रत्येक तारीख, प्रत्येक "पा. ना." वाचलं. पंधरा-वीस मिनिटांनी खोलीत कुणी हलत नव्हतं. मागे बसलेल्या एक मावशी, ग्रंथालयाची झाडलोट करायला येतात त्या, म्हणाल्या, "आमच्या मायनं खडी फोडली तवा मी पाठीवर होते." दुष्काळावर लेख पुष्कळ आहेत, पण दुष्काळ म्हणजे रोज सकाळी वर बघणं, आणि तेही शंभर दिवस, हे त्या न गाळलेल्या ओळींमुळेच कळलं. म्हणून तारखेचं लिखाण वाचताना कंटाळवाणा भाग टाळू नका. मजकूर त्यातच असतो.

त्याच डायरीतली "खडीवर गेलो" ही ओळ पुढे कुठवर गेली तेही पाहण्यासारखं आहे. मागेल त्याला काम ही कल्पना विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांची. ७२-७३च्या दुष्काळात राज्यभर खडी, बंडिंग आणि पाझर तलावांची कामं निघाली, लाखो माणसं त्यावर जगली. १९७७मध्ये रोजगार हमीचा कायदा विधिमंडळाने मंजूर केला आणि २६ जानेवारी १९७९पासून तो लागू झाला. २००५मध्ये संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्यामागे आपल्या या योजनेचा अनुभव होता. कायद्याचं पुस्तक आणि ती खिशातली डायरी मी कपाटात शेजारी शेजारी ठेवली आहे. वर्गीकरणाच्या नियमात ते बसत नाही, पण तिथेच राहू दे म्हटलं.

वर्तमानपत्रांचे गठ्ठे हा दुसरा खजिना. दुःखाची गोष्ट अशी की बऱ्याच ठिकाणी ते रद्दीत गेले. आमच्याकडेही जागा नाही म्हणून एका वर्षी पूर्वीच्या कार्यकारिणीने सत्तरच्या दशकातले गठ्ठे किलोवर विकले. मी तेव्हा नवी होते, बोलले नाही. ती खंत अजून आहे. जे वाचले त्यात १९९३च्या ऑक्टोबरचा गठ्ठा आहे. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं, किल्लारीचा भूकंप. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती विसर्जन करून माणसं दमून झोपलेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. एक गृहस्थ दरवर्षी त्या दिवसाच्या सुमाराला येतात आणि तो गठ्ठा मागतात. बातमी वाचत नाहीत. आतल्या पानांवर नावांच्या याद्या आहेत, त्यावरून बोट फिरवत जातात, एका जागी थांबतात, मग घडी घालून परत देतात. त्यांना मी कधी काही विचारलं नाही. पण गठ्ठा आठवडाभर आधीच काढून, धूळ झटकून टेबलाच्या खणात ठेवते.

तुम्ही गठ्ठा मागाल तेव्हा तुमच्या जन्मतारखेचा अंक जरूर बघा, सगळेच बघतात. पण मथळ्यापाशी थांबू नका. बाजारभाव बघा, हरवले-सापडले बघा, एसटीच्या जादा गाड्या बघा, मोंढ्यात तुरीचा काय दर होता तो बघा. त्या दिवशी तुमचे वडील बाजाराला गेले असतील तर त्याच दराने तूर घालून आले असतील. त्यांना दर सांगा आणि मग ते काय बोलतात ते ऐका.

यंदाच्या वर्षाचंही असंच. पाऊस कसा झाला, हे आपण आठवणीवर सोडतो आणि आठवण शेवटच्या मोठ्या पावसाला धरून बसते. महसूल मंडळात एका दिवसात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस नोंदला की अतिवृष्टी धरतात, पंचनामे आणि मदत त्या आकड्याभोवती फिरतात. पण पर्जन्यमापक मंडळात एका जागी आणि शिवारं पसरलेली. आमचे एक शेतकरी वाचक सरळ तोंडाचा पत्र्याचा डबा बांधावर ठेवतात, रोज सकाळी आठला पट्टीने मोजून वहीत लिहितात. सरकारदरबारी त्या वहीला किंमत नाही. पण पुढच्या वर्षी पेरणी कधी करायची, हे ठरवताना ते दुसरं काही बघत नाहीत. तुमच्या घरी अशी वही नसेल तर १ जानेवारी हा सुरुवात करायला बरा दिवस आहे, आणि बाकी संकल्पांपेक्षा हा टिकण्याची शक्यता जास्त, कारण रोज एकच ओळ लिहायची आहे.

लिहून ठेवण्यावरून म्हाइंभटांची आठवण येते. मराठी गद्याचा सर्वांत जुना मोठा ठेवा म्हणजे लीळाचरित्र, काळ शके १२००, म्हणजे १२७८च्या सुमाराचा मानतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी म्हाइंभट त्यांच्या सहवासातल्या माणसांकडे गेले, प्रत्येकाला विचारलं, तुम्ही काय पाहिलं, ते काय म्हणाले, कुठे म्हणाले. पैठणचा काठ, बीड, ओळखीची कितीतरी गावं त्यात येतात. महानुभावांच्या पोथ्यांची आणखी एक शिस्त मला थक्क करते. एकाच लीळेबद्दल, म्हणजे स्वामींच्या एकाच प्रसंगाबद्दल, दोघांचं सांगणं वेगळं असेल तर तो भेदही नोंदवून ठेवायचा, एक खरा दुसरा खोटा असं ठरवून टाकायचं नाही. थोडं वाचायचं असेल तर पाच-सहा लीळा वाचा, हळू. पहिल्या दोन अवघड जातील, मग कान बसतो. आपल्या आज्ज्या बोलायच्या ते कितीतरी शब्द तिथे भेटतात.

आणि मग तेच काम येळवशीला करा. मार्गशीर्ष अमावास्येला सगळं घर रानात असणार. कडब्याची कोप, आत पांडव मांडलेले, मडक्यात आंबील, भज्जी आणि उंडे. पूजा झाली, पंगत उठली की म्हातारी माणसं कोपीच्या सावलीला कलंडतात. तेव्हा जवळ जाऊन बसा. "तुमच्या आयुष्याबद्दल सांगा" असं विचारू नका, त्यावर माणूस "काय सांगायचं बाबा" म्हणून गप्प होतो. तारखेचा प्रश्न विचारा. "बहात्तरला खडी कुठल्या रस्त्यावर फोडली?" "किल्लारीच्या पहाटे तुम्ही कुठं निजला होता?" "ही विहीर कोणत्या साली पाडली, पाणी किती परसावर लागलं?" एवढ्या नेमक्या प्रश्नाला उत्तरही नेमकं येतं, आणि मग बाकीचं आपोआप निघतं. मोबाइलवर आवाज घ्या, पण त्याच रात्री वहीत उतरवूनही काढा. वर त्या दिवसाची तिथी, सांगणाराचं नाव, शिवाराचं नाव. काका एक सांगतील आणि आत्या दुसरं, तर दोन्ही लिहा.

मग सुट्टीच्या दुसऱ्या आठवड्यात इकडे या. ग्रंथालय सकाळी आठ ते अकरा आणि दुपारी चार ते सात उघडं असतं. बहात्तरची डायरी बाहेर नेता येत नाही, टेबलावर बसून वाचावी लागेल, संध्याकाळभर वेळ काढा. आजोबांचे कागद सोबत आणा. उर्दू वाचून देणारे आमचे गुरुजी मंगळवारी आणि शुक्रवारी पाचच्या सुमाराला येतात, भिंग त्यांचं ते घेऊन येतात. ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे आहेत. या भागातले सेतवार घडाघडा वाचणारे माझ्या माहितीत आता ते एकटेच राहिले आहेत, तेव्हा याच सुट्टीत या.